लाल शाई, निळी शाई आणि झोटेरो : पीएचडी करणाऱ्यांसाठी वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मी दापोली तालुक्यातली, कॉलेजात इतिहास शिकवते आणि नोकरी, घर सगळं सांभाळून पीएचडी करतेय. विषय खाजण-खार जमिनींचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवलेली शेती, ती कोणी सोडवली, बांध कोण राखायचं, खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, किती घ्यायचा आणि १९४८च्या खार जमीन कायद्यानंतर काय बदललं. हा रिव्ह्यू झोटेरो ह्या, संदर्भ आणि टिपणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. २०२२च्या मार्चमध्ये त्याची सहावी आवृत्ती आली ज्यात पीडीएफ वाचायची सोय आतच मिळाली, तेव्हापासून मी ते रोज वापरतेय. फुकट आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. कोणालाही विचारा झोटेरोचा काय उपयोग, तर एकच उत्तर येतं, संदर्भसूची आपोआप होते. होते ना, पण खरं सांगू का, माझ्या दृष्टीने तो त्याचा सगळ्यात छोटा उपयोग आहे.

मोठा उपयोग सांगायचा तर आधी माझ्या वह्यांचं सांगावं लागेल. मी पहिल्यापासून हाताने टिपणं काढायचे, लायब्ररीत बसून, दोनशे पानी वह्या, आणि माझी पद्धत पक्की होती, दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं असेल तर लाल जेल पेन, माझा विचार असेल तर निळं. अवतरणचिन्ह घालायचे नाही, गरजच काय, रंग आहे ना. पान नंबर कधी लिहायचे कधी राहायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या माडीवरची कौलं उडाली आणि खाली टेबलावर ठेवलेल्या पाचही वह्या रात्रभर भिजल्या. दुसऱ्या दिवशी पानं सुटी करून पडवीत दोरीवर वाळत घातली तेव्हा बघितलं तर लाल शाई पसरून निळ्यात उतरलेली, सगळं पान एकसारखं जांभळट. अक्षरं वाचता येत होती, रंग मात्र गेला होता. त्या वेळी वाटलं चला निदान मजकूर वाचला, लाइट यायला कितीतरी दिवस लागले, ती आल्यावर बसून सगळं भराभर टाइप करून घेतलं, काळ्या अक्षरात, एका फाइलमध्ये.

पुढच्या वर्षी त्याच फाइलवरून प्रकरण लिहिलं आणि गाइड मॅडमना पाठवलं. त्यांनी बोलावून घेतलं, प्रिंटआउट समोर ठेवला, एका परिच्छेदावर पेन्सिलीने उभी रेघ मारलेली, आणि म्हणाल्या, "हे तू लिहिलंयस?" मी म्हटलं हो मॅडम. त्या म्हणाल्या, "तू आयुष्यात कधी 'तत्कालीन कृषिव्यवस्थेच्या परिप्रेक्ष्यात' असं बोलली नाहीस, हे कुणाचं आहे ते शोध." घरी येऊन शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेल्या साइटवर, दोन रात्री घातल्या तेव्हा सापडलं, दुसऱ्या एका संशोधकाच्या प्रबंधातलं, जवळपास अख्खा परिच्छेद, मी तीन वर्षांपूर्वी लाल शाईने उतरवलेला. चोरीचा विचारसुद्धा मनात नव्हता, पण वाचणाऱ्याला माझं मन कुठे दिसणार, त्याला पान दिसणार, आणि त्या पानावर दुसऱ्याचे कष्ट माझ्या नावावर होते. त्या माणसाने दफ्तरं चाळली असतील, बांधाबांधावर फिरला असेल. मला अजूनही ती पेन्सिलची रेघ आठवली की कसंतरी होतं. मग ते प्रकरण पूर्ण मोडलं, प्रत्येक वाक्यापुढे लिहित गेले, माझं, दुसऱ्याचं, माहीत नाही. जिथे 'माहीत नाही' होतं ते सगळं काढून टाकलं, नऊ पानं गेली.

आता झोटेरो नेमकं काय करतं ते बघा. पीडीएफ त्यातच उघडायचं, वाक्य हायलाइट करायचं, शेजारी खालच्या चौकटीत स्वतःची कॉमेंट लिहायची. वाचून झालं की त्या नोंदीवर राइट क्लिक करून सगळ्या हायलाइटांची एक नोट बनवायची. ती नोट उघडल्यावर मी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बघत राहिले होते. हायलाइट केलेलं प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हात, त्याच्यापुढे कंसात लेखक, साल, पान, आणि त्यानंतर अवतरणाच्या बाहेर माझी कॉमेंट. म्हणजे लाल आणि निळं. ह्या वेळी रंगात ठेवलेलं नाही, चिन्हात ठेवलेलं आहे, जे टाइप करताना, कॉपी करताना, प्रिंट काढताना पुसलं जात नाही. तीच नोट वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये घेतली की संदर्भ जिवंत राहून येतो आणि शेवटी सूचीत बसतो. मला कोणी विचारलं की हे सॉफ्टवेअर कशासाठी घ्यायचं तर मी एवढं एकच दाखवते, बाकी काही दाखवत नाही.

पान नंबरचं एक आवर्जून सांगते कारण ह्यात बऱ्याच जणांचं चुकतं. कोकणावर काम करणाऱ्या कोणालाही १८८०चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, टाळता येत नाही, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, कॅम्पबेलने संपादित केलेला. स्कॅन केलेलं नेटवर मिळतं. पण जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये पुढची कोरी पानं, मुखपृष्ठ, प्रस्तावना धरून पीडीएफचा पान नंबर आणि छापील पान नंबर ह्यात दहा-पंधरा पानांचा फरक पडतो, आणि झोटेरो बिचारं बऱ्याचदा पीडीएफचा नंबर उचलतं. त्यामुळे पहिलं हायलाइट केल्या केल्या त्याच्या मेनूत जाऊन पान नंबर दुरुस्त करायचा, तिथे ह्या पानापासून पुढच्या सगळ्या पानांना लावायचा पर्याय आहे, एकदाच करावं लागतं. हे केलं नाही तर तुमचा संदर्भ दिसायला नीटनेटका आणि उघडून बघणाऱ्याला भलत्याच पानावर नेणारा होतो.

आणि गॅझेटियरचंच निघालंय म्हणून, खूप जण मूळ खंड न उघडता कुठल्यातरी मराठी पुस्तकातून आकडा घेतात आणि खाली थेट गॅझेटियरचं नाव टाकतात. मीही एकदा असाच रत्नागिरी जिल्ह्याचा एक आकडा घेऊन आजच्या जिल्ह्याशी तुलना करत बसले होते, मूळ उघडल्यावर डोक्यात प्रकाश पडला की १८८०च्या रत्नागिरी जिल्ह्यात देवगड, मालवण, वेंगुर्ला सगळं आलं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. मधल्या पुस्तकाने हे सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे, मूळ पाहिलं असेल तर मुळाचं नाव, पाहिलं नसेल तर 'अमुक पुस्तकात उद्धृत' असं स्वच्छ लिहायचं. झोटेरोमध्ये मी ह्यासाठी टॅग ठेवलाय, 'मूळ पाहिलं नाही', त्या टॅगवर क्लिक केलं की उधारीची सगळी यादी समोर येते आणि रत्नागिरीला किंवा मुंबईला गेलं की ती घेऊनच लायब्ररीत शिरते. कोणी म्हणेल एवढं जुनं पुस्तक, कॉपीराइट कधीच संपला, मग नाव द्यायलाच पाहिजे का. कॉपीराइट संपला म्हणजे छापायची परवानगी मागावी लागत नाही एवढंच, लिहिलं कोणी हे सांगायचं कर्ज काही फिटत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आमच्या वर्गात दरवर्षी मला त्या पहिल्यापासून सांगाव्या लागतात.

मला झोटेरोत सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात 'मुलाखत' असा नोंदीचा वेगळा प्रकार आहे. माझा निम्मा विषय पुस्तकात नाहीच, तो खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. उघाडी म्हणजे बांधातलं ते दार जे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला मिटतं, ते कुठल्या लाकडाचं करायचं, उधाणाला रात्री बांधावर कोणी जागायचं, खारात काळा रता हे भात का पेरायचं, हे सगळं मला एका ऐंशी उलटलेल्या आजोबांनी बांधावर बसून सांगितलं. आपल्याकडे अशा माहितीला बिनदिक्कत 'स्थानिकांच्या मते' असं लिहून मोकळे होतात. पुस्तकवाल्याला पान नंबरासकट मान आणि चिखलात उभं राहिलेल्या माणसाला 'स्थानिक', हे मला पटत नाही. मी त्यांना विचारून, नाव घालायला हो म्हणाल्यावर, नाव, गाव, तारीख अशी नोंद केली आणि पुढच्या खेपेला ती त्यांना मोबाइलवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "उघाडीचं ह्ये माजं नाय, माज्या बापाचं हाय, त्यानं दावलंन मला. त्याचं नाव घाल." मग दुसरी नोंद केली, वडिलांनी मुलाला सांगितलेलं म्हणून. ज्यांना नाव नको असेल त्यांचं घालायचं नाही, तिथे 'खाडीकाठचे शेतकरी, वय अमुक' एवढंच, पण तारीख आणि ठिकाण आपल्याजवळ पाहिजेच.

आता टक्क्यांचं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचोरीबद्दलचे २०१८चे नियम आले तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, किती टक्के आलं. नियम असे आहेत की दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण त्याच नियमांत हेही लिहिलंय की रीतसर आधार देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे हे मोजणीतून वगळायचं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञानातलं किंवा योगायोगाने जुळणारंही धरायचं नाही. हा भाग कोणी वाचत नाही. त्यामुळे होतं काय की पोरं अवतरण द्यायलाच घाबरतात, टक्के वाढतील म्हणून, आणि तेच वाक्य शब्द फिरवून स्वतःचं म्हणून लिहितात. म्हणजे नियम ज्यासाठी आला त्याच्या बरोब्बर उलट.

माझ्या एका विद्यार्थिनीने एमएचा प्रकल्प टायपिंगला दिला होता, नाव नाही लिहित, पण बाहेर बोर्डच आहे, प्लेजरिझम कमी करून मिळेल. परत आलेली फाइल मी वाचली. 'उधाणाच्या पाण्याने बांध फुटला' ह्याचं झालं होतं 'आवेगाच्या जलाने धरण भंगले'. बांधाचं धरण! खाजणाला ठिकठिकाणी 'क्षारयुक्त भूखंड'. तिने पैसे मोजले होते ह्याचे, आणि तिच्या स्वतःच्या आजीच्या तोंडचे शब्द तिच्या प्रकल्पातून काढून टाकले होते. मला इतका राग आला होता त्या दिवशी. आम्ही दोघींनी बसून मूळ फाइल परत घेतली, जिथून जे घेतलंय तिथे नाव टाकलं, चार ठिकाणी सरळ अवतरण दिलं. काम दोन संध्याकाळींचं होतं.

शब्द फिरवण्याबद्दल एक उदाहरण देते, मी वर्गात हेच देते. समजा पुस्तकात वाक्य आहे, 'बांधाची डागडुजी ही गावकीची सामूहिक जबाबदारी मानली जाई.' तुम्ही लिहिलंत, 'बांधाची दुरुस्ती ही गावाची एकत्रित जबाबदारी समजली जात असे.' झालं का हे तुमचं? वाक्याचा सांगाडा तोच, फक्त कौलं बदलली. मी काय करते, हायलाइट केल्यावर मूळ वाक्याकडे परत बघत नाही, आणि कॉमेंटच्या चौकटीत माझ्या प्रकरणाला ह्यातून काय मिळालं ते बोलल्यासारखं लिहिते, म्हणजे 'बांध फुटला तर खोत येत नव्हता, गाव जात होतं, मग वाटणी मागताना हे धरलं जायचं का?' आता हा प्रश्न माझा आहे, आणि पहिल्या भागाला तरीही त्या लेखकाचं नाव लागतंच. सॉफ्टवेअर इथे मदत करत नाही, चौकट देतं फक्त, ती भरायची आपणच. आणि कोणाचा अख्खा मुद्दा स्वतःच्या शब्दांत उचललात तर साम्याचे टक्के शून्य येऊ शकतात, ते पकडणारं मशीन मला तरी माहीत नाही, पकडतात त्या गाइड मॅडम.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत, सगळ्या मराठीच्या. इंग्रजी लेख टाकला की त्याची माहिती आपोआप भरते, लेखाचा डीओआय नाहीतर पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्यांचा ठरलेला ओळख क्रमांक, टाकला की झालं. मराठी पुस्तकाचं बहुतेक वेळा काही येत नाही, आलं तर रोमन लिपीत, अक्षरांच्या खाली टिंबं देऊन, ते सगळं पुसून देवनागरीत हाताने टाइप करावं लागतं. नावाला दोनच खाने, आडनाव आणि पहिलं नाव, त्यात वडिलांचं नाव पहिल्या नावाशेजारी कोंबायचं. जुन्या पुस्तकांवर साल शके असतं, त्यात साधारण ७८ मिळवून इसवी सन टाकायचं आणि मूळ शके 'एक्स्ट्रा' खान्यात ठेवायचं, नाहीतर नंतर पुस्तक शोधताना पंचाईत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधलं वाक्य हायलाइट केलं की नोटमध्ये भलतीच अक्षरं उमटतात, तिथे उताऱ्याचा मजकूर हाताने सुधारून घ्यायचा. स्कॅन असेल आणि अक्षर निवडताच येत नसेल तर चौकोन मारून त्या भागाचं चित्र घेता येतं, ते मात्र फार कामाचं आहे, मोडी कागदांसाठी मी तेच करते. शोधगंगावरच्या प्रबंधाची प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, त्या सगळ्या एकाच नोंदीखाली जोडायच्या, सुट्या ठेवल्यात तर महिन्याभरात कुठलं प्रकरण कोणाचं ते कळत नाही. शेवटच्या सूचीत मराठी नावं सगळ्या इंग्रजी नावांच्या मागून येतात, आणि 'पृ.' च्या जागी इंग्रजी खूण पडते. ह्याला मी शेवटी प्रबंधाची एक वेगळी प्रत करून, त्यात संदर्भ अनलिंक करून, म्हणजे झोटेरोपासून तोडून, मग हाताने बदल करते, मूळ प्रतीला हात लावत नाही.

एआयला विचारून संदर्भ गोळा करणाऱ्यांना एक सांगते, मलाही एकदा खाजणांवरच्या एका लेखाचं शीर्षक, साल, पान सगळं मिळालं होतं, वाचून जीव हरखला आणि नंतर ते मासिकाच्या अंकातच नव्हतं. झोटेरोत मी एक शिस्त ठेवलीय, नोंदीला पीडीएफ किंवा पुस्तकाच्या पानाचा माझ्या हातचा फोटो जोडलेला नसेल तर ती प्रकरणात जाणार नाही. मागे घेतलेले शोधनिबंध असतील तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, ते इतिहासात फारसं लागत नाही पण आमच्या कॉलेजातल्या विज्ञानाच्या मुलांना मी मुद्दाम दाखवलंय.

खर्चाचं म्हणाल तर नोंदी सिंक करायला पैसे नाहीत, फाइल ठेवायला ३०० एमबी फुकट, स्कॅन केलेल्या पाच-सहा जाड पुस्तकांत ते भरून जातं. त्यापुढे २ जीबीला वर्षाला २० डॉलर आहेत. मी घेतलेलं नाही, फाइली लॅपटॉपवरच ठेवते, नोंदी तेवढ्या सिंक होतात. इंटरनेट नसलं तरी सगळं चालतं आणि आमच्याकडे जून-जुलैत ह्याला फार किंमत आहे. मोबाइलवर अँड्रॉइडलाही आता अ‍ॅप आलंय, एसटीत बसून वाचायला बरं पडतं.

पाचपैकी चार स्टार, एक मराठीच्या खात्यात कापलाय. चालू करायचं असेल तर सगळी जुनी टिपणं एकदम त्यात ओतू नका, सध्या जे एक पुस्तक वाचताय त्याच्यापासून करा. आणि मृगाच्या आधी झोटेरोचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन तो दुसऱ्या घरी ठेवा. माझा चिपळूणला बहिणीकडे, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात असतो.